‘ओव्हर’ म्हणजे माठावरून

सिस्टरचा माठ मी फोडला तो इंग्रजी बोलता बोलता. ‘आय ॲम जम्पिंग ओव्हर द माठ’ असं वाक्य होतं, आणि शेवटचा शब्द तोंडात असतानाच माझा डावा पाय माठाच्या गळ्यात अडकला. वाक्य शाबूत राहिलं, माठ राहिला नाही.

अंगणभर पाणी झालं. इतवारीत कापडाच्या दुकानात काम करणारा ओमप्रकाश आमच्याच क्लासात होता. तो पाय वर घेत म्हणाला, “सिस्टर, अब पानी अंडर द खाट है.”

“करेक्ट,” सिस्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “ओव्हर म्हटलं का पाय उचला लागते, विश्वनाथ. तू तर इन द माठ गेला.”

“उद्याच नवा आणतो, सिस्टर.”

चौऱ्याहत्तरचा एप्रिल चालू होता. नागपूरच्या एप्रिलात घरातला माठ फुटणं म्हणजे काय, हे ज्यानं तो उन्हाळा काढलाय त्याला सांगायला नको.

सिस्टर म्हणजे सुभद्राबाई मेश्राम. एका मोठ्या दवाखान्यात उभा जन्म नर्स म्हणून काढला, निवृत्त झाल्या आणि सक्करदऱ्यातल्या आपल्या अंगणात संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवू लागल्या. साऱ्या वस्तीच्या त्या सिस्टर. त्यांचे यजमान मनोहररावही त्यांना सिस्टरच म्हणत. मनोहरराव कडुनिंबाखाली खाटेवर पडलेले असत आणि आम्ही त्यांच्या ‘बिसाइड’, ‘बिहाइंड’ आणि वेळ आली तर ‘अंडर’ जात असू. ते हूं की चूं करत नसत. खाट फार हलली तर फक्त विचारत, “कोणता शब्द चालू आहे गा?”

क्लासात पुस्तक नव्हतं. जे कराल तेच बोलायचं आणि जे बोलाल ते करायचं, एवढा एकच नियम. जागेवर बसून कुणी ‘आय ॲम गोइंग इन्टू द किचन’ म्हणालं की सिस्टर त्याला उठवून स्वयंपाकघरात धाडत, आणि आलाच आहेस तर लसूण सोलून दे म्हणत. हा नियम त्यांनी वॉर्डातून आणला होता.

“डॉक्टरीणबाई म्हणे, थर्मामीटर अंडर द टंग. एका नव्या पोरीनं ठेवलं ऑन द टंग. तोंड उघडं, पंखा सुरू! तापानं फणफणलेल्या माणसाले नॉर्मल करून टाकलं न् तिनं. तवापासून मी हातानं करून दाखवल्याबिगर काही सांगत नाही.”

मला हे सगळं करणं भाग होतं. बी.ए. झालो होतो आणि दोन मुलाखतींत आपटलो होतो. मोठमोठे शब्द मला येत. पण इन, ऑन, ॲट जवळ आले की गाडी आउटरला थांबावी तसा मी थांबे, आणि सिग्नल काही पडत नसे. तिसरी मुलाखत धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात होती, स्वागताच्या टेबलासाठी. तीही गेली, तर इतवारीत चंपतकाकांचं भांड्यांचं दुकान होतंच. काकांनी माझ्यासाठी स्टूलसुद्धा काढून ठेवलं होतं. तिथं इंग्रजी लागत नसे. पातेलं वाजवून दाखवलं की झालं.

त्या काळजीत माठ रोज राहून जाई. रोज संध्याकाळी मी “उद्या नक्की” म्हणे. सिस्टर स्टीलच्या हंड्यातलं तापलेलं पाणी पुढं करत. ओमप्रकाश ते तोंडाला लावून म्हणे, “विश्वनाथभाऊ, पत्ती डाल दो, चाय तैयार है.”

मुलाखतीचा दिवस आला. डॉक्टर भलेथोरले, टेबल त्यांच्याहून मोठं. “व्हेअर डू यू लिव्ह?”

मी उठून उभा राहिलो. “इन सक्करदरा, सर, निअर द लेक,” असं म्हणत हातानं त्यांच्या टेबलावर तलाव काढू लागलो.

“सिट डाऊन.”

मी बसलो, आणि माझ्याबरोबर भाषाही बसली. पुढचे दोन प्रश्न मी नुसते ऐकले. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मला काकांचं स्टूल दिसू लागलं.

तेवढ्यात दारात एक म्हातारं जोडपं आलं. तेलंगणाकडचं असावं, हिंदी-मराठी काही कळत नव्हतं. म्हातारबुवांनी तुटक इंग्रजीत एक्स-रेची खोली विचारली. डॉक्टरांनी बसल्या जागेवरून बोट केलं. म्हातारबुवा बोटाकडेच बघत राहिले.

येताना वाट चुकून मी एक्स-रेच्याच खोलीत शिरलो होतो. विचार न करता उठलो आणि त्यांचा हात धरला. “कम विथ मी. थ्रू धिस डोअर... अलाँग द वॉल... अप द स्टेप्स, स्लोली... नाऊ सिट ऑन द बेंच.” पाय पडत होते आणि शब्द येत होते. बेंचवर ‘ऑन’ म्हणताना मी स्वतःही सवयीनं बसलो.

परतलो तर डॉक्टर दारात उभे. “तुम्ही नेहमी चालत चालतच बोलता का?”

“यस सर. विदाउट वॉकिंग, नो इंग्लिश.”

ते इतके हसले की नर्स धावत आली. म्हणाले, “आमची माणसं खुर्चीतून बोट दाखवतात, आणि पेशंट दवाखानाभर फिरत राहतात. सोमवारपासून या.”

त्या दवाखान्यात मी अख्खी नोकरी काढली. विदर्भभरातून येणाऱ्या घाबऱ्या माणसांना हाताला धरून नेलं. बसून रस्ता सांगणं मला आजही जमत नाही आणि त्याबद्दल मी सिस्टरचा जन्माचा ऋणी आहे. घर चाललं, पोरं शिकली, ती त्या अंगणाच्या जोरावर.

त्या दिवशी धंतोलीहून सायकल हाणत थेट सक्करदऱ्याला आलो. वाटेत पेढे घेतले होते. अंगणात सगळा क्लास बसलेला, मनोहरराव खाटेवर. मी वाटेत जुळवलेलं वाक्य म्हटलं, “सिस्टर, आय ॲम ग्रेटफुल टू यू फॉर एव्हरीथिंग.” ग्रेटफुल करून कसं दाखवायचं ते कळेना, म्हणून सरळ त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

सिस्टरनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरल्यासारखे वाटले. मग त्यांनी पेढ्यांचा पुडा पाहिला, सायकलचं रिकामं कॅरियर पाहिलं, आणि म्हणाल्या,

“पेढ्यानं तहान भागते का गा? माठ आण.”