टोचा म्हणजे टोचा

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तिला सगळे ‘तोफ’ म्हणत. क्षयाच्या वॉर्डात जाऊन खाटांवरच्या चादरी काढून आणायचं काम गेली चौदा वर्षं तिच्याकडे होतं. त्या वॉर्डातल्या एका सिस्टरला क्षय झाला, तेव्हा सगळ्या कर्मचाऱ्यांची हातावर सुई टोचून तपासणी निघाली. सगळ्या म्हणजे कायम नोकरीतल्या. धुलाईवाल्या पडल्या ठेकेदाराच्या.

तोफ तरी रांगेत उभी राहिली.

“मावशी, तुमचं नाव नाहीये यात,” सिस्टर म्हणाली.

“नसू दे. मी काय वॉर्डात शिरताना श्वास दाराबाहेर ठेवून जाते?” तिनं बाही वर सरकवली. “टोचा.”

तिसऱ्या दिवशी टोचल्या जागी चांगली टणक गाठ आली, म्हणजे अंगात जंतू असल्याची खूण. एक्स-रे मात्र साफ निघाला. डॉक्टर म्हणाले, “तुम्हाला क्षय झालेला नाही. जंतू अंगात आहेत, पण झोपलेत. तुमच्यापासून कुणाला लागण होणार नाही. पण ते जागे झाले तर आजारी पडाल. आठवड्यातून एकदा गोळ्या घ्यायच्या, बारा आठवडे.”

“झोपलेत तोवरच निकाल लावते त्यांचा,” ती म्हणाली.

ठेकेदाराच्या मुकादमाला कुणकुण लागली. “बारा आठवडे घरी बस. बाकीच्या बायका घाबरतात.”

 ती तडक डॉक्टरांकडे गेली, ‘कामावर येण्यात धोका नाही’ असं लिहून घेतलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.

“आता घाबरतंय कोण? आम्हा अकरा जणींची नावं तपासणीच्या यादीत का नव्हती, हे रुग्णालयाच्या साहेबांना विचारायला जाऊ का?”

मुकादमानं हजेरीचं पुस्तक उघडून तिची हजेरी लावली.

घरी नवरा म्हणाला, “धडधाकट माणसाला औषध कशाला? दे सोडून.”

“मग काय, आडवी पडायची वाट बघू?”

पहिल्या गोळ्यांनी मळमळलं. लघवी लाल झाली. औषधानं असं होतं हे डॉक्टरांनी आधी सांगूनही ती घाबरली. तरी दर सोमवारी, मशीनपाशी, सगळ्यांच्या देखत ती गोळ्या घ्यायची.

पाचव्या सोमवारी इस्त्रीवालीनं हळूच विचारलं, “टोचल्यावर दुखतं का गं?”

“मुंगी चावल्यासारखं.”

दुसऱ्या दिवशी बाकीच्या दहाही जणींना घेऊन ती सिस्टरपुढे हजर झाली. तिघींच्या हातावर गाठ आली. त्यांच्याही गोळ्या सुरू झाल्या.

तिचे बारा सोमवार पुरे झाले. मुकादम अजून तिच्याशी धड बोलत नाही. तिचं काही अडत नाही.