पायली बंद झाली त्या वर्षीचा फुटबॉल

आमच्या गावात फुटबॉल ज्वारीवर चालायचा. सुगी झाली की पोरं दोन पोती घेऊन घरोघर फिरायची आणि घरटी एक पायली ज्वारी गोळा करायची. ती हिंगोलीच्या मोंढ्यात विकून चेंडू यायचा, पंप यायचा, गोलकीचे हातमोजे यायचे, टुर्नामेंटची फी भरली जायची. आणि ज्याच्या घरची पायली, त्याला संघाबद्दल बोलायचा हक्क. असा नियम कुणी केलेला नव्हता, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

बोलायची जागा म्हणजे मारुतीचा पार. मॅचच्या आदल्या दिवशी दिवस मावळायच्या आत तिथं संघ ठरायचा. शाळेतले पीटीचे सर हिंगोलीहून एसटीनं येऊन-जाऊन करायचे. तरुणपणी ते हैदराबादेत खेळलेले. ते पारावर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "चलो, अकरा चपला काढा." मग अकरा जण एकेक चप्पल काढून द्यायचे, आणि सर त्या फरशीवर मांडायचे. टायरचा तळ असलेली सगळ्यात जड चप्पल गोलकी. तिच्यापुढं तीन बॅक, मध्ये चार, कडेला दोन, पुढं एक. ही झाली सरांची मांडणी. यानंतर गावाची सुरू व्हायची. शेळ्यांमागून आलेला माणूससुद्धा काठीच्या टोकानं चप्पल सरकवायचा.

"हा इथं काहून झोपून राहिला? पुढं ने त्याला."

"पुढं नेला तर मागं कोण, तुहा बाप?"

"माहा बाप असता तर मागच्या खेपेला गोल झालाच नसता."

एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, अशी अकरा माणसं तासभर भांडायची. शेवटी जे ठरायचं ते सगळ्यांचं असायचं. हरलो तर शिव्या खेळाडूंना पडायच्या नाहीत. पारावरचेच एकमेकांना द्यायचे.

त्या भांडणांतून आमची खेळायची एक पद्धत तयार झाली होती. मैदान म्हणजे नाल्याकडं उतरलेला मुरमाड तुकडा. चेंडू उंच मारला की टप्पा खाऊन तो कुठं जाईल याचा नेम नाही. म्हणून आमचा खेळ जमिनीलगतचा. आखूड पास, आखूड पास, समोरचे सगळे मध्ये गोळा झाले की चेंडू डाव्या कडेला. तिथं तांड्यावरचा एक पोरगा असायचा, शाळेत माझ्याच वर्गातला. त्याला सगळे डाव्या म्हणायचे. त्याला चेंडू मिळाला की पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहायची. मला फुटबॉल जो काही कळतो तो तेवढाच कळतो: गर्दी जिथं नाही तिथं चेंडू न्या आणि पळणाऱ्याला पळू द्या.

मग टीव्हीवर विश्वचषक आला आणि त्याच्या मागोमाग गुत्तेदार आले.

गुत्तेदार आमच्याच गावचे. रस्त्यांची, पाझर तलावांची कामं घेऊन मोठे झाले आणि हिंगोलीत राहायला गेले. एका रविवारी ते पारावर उभे राहिले. सोबत बुटांची खोकी, निळ्या जर्सीचा गठ्ठा, आणि ने-आण करायला स्वतःची जीप. जर्सीच्या छातीवर त्यांचं नाव होतं. गावाचं नाव पाठीवर, आकड्याच्या खाली.

"आजपासून पोरांनी कोणाच्या दारात पोतं घेऊन जायचं न्हाई," ते म्हणाले. "क्लब माझ्यावर. तुमी फक्त टाळ्या वाजवा."

आणि गावानं टाळ्या वाजवल्या. लगेच. ते म्हणाले तसंच केलं.

घरी येऊन बाबा म्हणाले, "बरं झालं. पायली वाचली."

"बाबा, पायली वाचली पण बोलणं गेलं."

"तुला बोलायला पायली लागते व्हय? तू तर फुकट बी बोलतो."

एकट्या तांड्याच्या नायकांना ते पटलं नव्हतं. नायक म्हणजे तांड्याचा मुख्य, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. सुगी होताच त्यांनी स्वतः ज्वारीचं पोतं गाडीत घालून गुत्तेदारांच्या दारात नेलं. गुत्तेदार त्यांच्या पाया पडले, चहा पाजला, वर नारळ ठेवून पोतं परत पाठवलं. "तुमच्याकडून कसं घेऊ, बाबा?" इतका मान देऊन माणसाला गप्प कसं बसवतात हे मी त्या दिवशी शिकलो. आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी संघटनेत लाठीमाराविरुद्ध काय करायचं ते शिकवलं होतं, नारळाविरुद्ध काही नव्हतं.

पुढं काय होणार ते मला दिसत होतं, आणि तसंच झालं. कनेरगाव नाक्यावर गुत्तेदारांचं ऑफिस होतं. तिथं भिंतीवर एक पांढरा फळा लागला आणि त्यावर लोहचुंबकाच्या लाल-निळ्या टिकल्या. संघ तिथं ठरू लागला. आत गुत्तेदार, सर, गुत्तेदारांचा भाचा. बाकी गावाला संघ कळायचा तो जीप निघताना, कोण चढलं त्यावरून.

भाचा पुढं खेळू लागला. पोरगं वाईट नव्हतं, पण जड होतं आणि ऑफसाइड म्हणजे काय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मालकाच्या भाच्याला सांगणार कोण? गुत्तेदारांनी टीव्हीवर उंच चेंडू आणि डोक्यानं मारलेले गोल पाहिले होते. म्हणून हुकूम निघाला: मागून उंच मारा, भाचा डोकं लावेल. आणि डाव्याला बॅकला घातलं. "चांगला पळतो ना? मग मागं पळू द्या, कोणी सुटून जाणार न्हाई." म्हणजे गावातला सगळ्यात वेगवान बैल दावणीला बांधला आणि म्हणाले, बघा, कसा शांत उभा आहे.

मी सरांना गाठलं, एसटीच्या थांब्यावर.

"सर, तुम्हाला दिसतंय ना हे?"

"दिखता है बाबा, सब दिखता है." सर एसटीच्या वाटेकडं बघत होते. "पण आता पोरांच्या पायात बूट आहेत. आधी मुरमावर नखं उपटून यायची. मी फळ्यावर भांडू का बुटावर?"

"दोन्हीवर भांडा."

"तुला बोलायला काय जातं," ते म्हणाले आणि चढले. माणूस वाईट नव्हता. त्याचाच जास्त राग यायचा.

मग मला जे येत होतं ते मी केलं. पत्रक काढलं. मथळा होता: क्लब कुणाचा? खाली तीन मागण्या. संघ पारावर ठरवा. पायली पुन्हा सुरू करा. छातीवर गावाचं नाव लावा. नरसीच्या बाजारात वाटलं, नाक्यावरच्या ढाब्यांवर चिकटवलं. गावातल्या लोकांनी घडी घालून खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्याच्यावर भजी दिसली. एक चुलता म्हणाला, "लिव्हलं बराबर हाय पोरा, पण क्लब कोणाचा हे तू काहून इचारून राहिला? छातीवर लिव्हलंय की."

गुत्तेदारांनी माझ्याविरुद्ध एक शब्द काढला नाही. उलट भेटले की विचारायचे, "कागद संपले का? आपल्या ऑफिसात मशीन आहे, काढून घेत जा."

संक्रांतीनंतर हिंगोलीच्या टुर्नामेंटमध्ये आम्ही फायनलला गेलो. उपांत्य सामना टॉसवर जिंकलो, पण गेलो. मी दुसरं पत्रक काढलं: फायनलला कुणी जाऊ नका. मैदान रिकामं दिसलं की मालकाला गाव आठवेल. त्यावर डाव्या माझ्या घरी आला. दारातूनच बोलला.

"तू येणार न्हाईस म्हणं मॅचला."

"तुझ्यासाठीच येत नाही. तुला बॅकला कुजवून राहिले."

"कुजून राहिलो तर मी राहिलो. आमी अकरा जण खेळणार आणि तू गावाला सांगतो, पाहू नका? गुत्तेदाराचा राग आमच्यावर काहून काढतो बे?"

"मग खेळू नकोस. तू खेळला नाहीस तर चुलीत जाईल त्यांचा फळा."

तो हसला. "न्हाई खेळलो तर दुसरं पोरगं जीपमधी चढंल. तुला कागद दुसरा मिळतो. मला मैदान हे एकच हाय."

बहिष्काराच्या दिवशी गावातून दोन ट्रॅक्टर भरून लोक गेले. दुसऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मीही होतो. बघायला चाललो नव्हतो, विरोध नोंदवायला चाललो होतो. ट्रॉलीतल्या कुणालाही हा फरक समजावून देता आला नाही.

समोर शहराचा संघ होता. त्यांचे दोन्ही मधले बॅक ताडासारखे उंच. आमचे चेंडू मागून उंच येत होते आणि ते दोघं डोक्यानं परत पाठवत होते. पुन्हा उंच, पुन्हा परत. भाचा मध्ये उभा राहून आभाळाकडं बघत होता. आमच्या डाव्या हाताचा त्यांचा कोपरा मोकळा पडला होता, अख्खा माळ मोकळा असावा तसा, आणि तिथं पळणारा आमचा पोरगा आमच्याच गोलसमोर उभा. अर्ध्या वेळेला आम्ही एका गोलनं मागं.

मी दोरीखालून आत गेलो. गुत्तेदार प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, पोरं भोवती लिंबं चोखत होती.

"सर, डाव्याला पुढं सोडा," मी म्हणालो. "तिकडं कुणीच नाही."

सर लिंबाकडं बघत राहिले. गुत्तेदारांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोरीपलीकडच्या गावाला ऐकू जाईल असं विचारलं, "तुमी कोण आमचे?"

"गावचा माणूस."

"असं का? काय दिलं हो तुमी क्लबला? कागद सोडून?"

गाव हसलं. सगळ्यात आधी हसला तो 'लिव्हलं बराबर हाय' म्हणणारा चुलताच. पायली घ्यायची नाही असं गुत्तेदारांनीच पारावर सांगितलं होतं, आणि आता काय दिलं म्हणून तेच विचारत होते. हे तिथल्या एकाही माणसाच्या ध्यानात आलं नाही. मी दोरीखालून बाहेर आलो.

मॅच संपत आली तेव्हा डाव्यानं आमच्या गोलसमोर चेंडू अडवला. उंच मारायचा हुकूम होता. त्यानं मारला नाही. पायातच ठेवला आणि कडेनं सुटला. गुत्तेदार खुर्चीतून ओरडले, "मागं! मागं ये!" तो थांबलाच नाही. त्या मोकळ्या कोपऱ्यातून आत वळला आणि चेंडू जमिनीलगत गोलसमोर सरकवला. भाचा तिथं उभा होता. चेंडू त्याच्या गुडघ्याला लागला आणि आत गेला. नंतर जादा वेळेत अगदी तसंच आणखी एकदा झालं. या खेपेला गुडघ्याऐवजी पोटरी.

मी ओरडलो, नाचलो, शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलो. गोल होताना पत्रक आठवत नाही.

मिरवणूक निघाली. जीपच्या टपावर भाचा, त्याच्या शेजारी गुत्तेदार, दोघांच्या गळ्यात हार. भाषणात ते म्हणाले, डोकं लागतं, नुसते पाय असून चालत नाही. गावाला ते पटलं. जिंकलो होतो ना! हरलो असतो तर कदाचित माझं पत्रक कुणी वाचलंही असतं. जिंकल्यावर कोण वाचतो?

पुढच्या हंगामात जीप निघाली तेव्हा डाव्या त्यात नव्हता. सांगितलेलं ऐकत नाही, एवढंच कारण. मी पारावर गेलो आणि विचारलं, "चप्पल काढून सांगा, याच्याशिवाय डावी कड कोण सांभाळणार?" चौघं जण होते. एकानं बिडी पेटवली. एक म्हणाला, "त्यांचा क्लब हाय, त्यांनी ठरवलं." डाव्याचा काकाही त्या चौघांत होता. त्यानं पहिल्याच्या हातातली बिडी ओढायला घेतली.

डाव्या वाशिमच्या एका संघाकडून खेळू लागला. तिथं त्याला डावी कड मिळाली. दोन वर्षांनी त्यांची आणि आमची गाठ पडली, वाशिमलाच. ट्रॅक्टर पुन्हा भरला. यावेळी बाबाही आले.

पहिला चेंडू डाव्याच्या पायात गेला तसं आमचं गाव ओरडू लागलं. फितूर म्हणाले, त्याहून वाईट म्हणाले, त्याच्या तांड्यावरून नाही नाही ते बोलले. मला सहन झालं नाही. तो आमच्या गोलकडं सुटला तेव्हा मी जीव खाऊन ओरडलो, "पळ! आत वळ! आत!" मागून कुणीतरी पाठीत गुद्दा घातला. "आरं, तू कोणाकडून हाय?" तोवर चेंडू जाळीत होता. डाव्यानं हात वर केला नाही. आमच्याकडं पाहिलंही नाही, वळून आपल्या जागेवर गेला. आम्ही तीन गोलनं हरलो, आणि तिन्ही वेळेला मी ओरडलो.

परतताना ट्रॉलीत माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. फक्त बाबा बसले, तेही तोंड दुसरीकडं करून. कनेरगाव नाक्याला ट्रॅक्टर चहाला थांबला. बशीतला चहा संपवून बाबा म्हणाले, "पोरगं लई भारी पळतं."

"आपलंच होतं," मी म्हणालो.

"मंग सोडलं कोणी त्याला?"

"आपण."

बाबांनी बशी खाली आपटली. "आमी काहून सोडू? आमाला कोणी इचारलं तरी का?"