एक्केचाळीस नंबरचा नाथ

नेवाशाजवळच्या त्या गावात सहादेव गिरणीवाल्याचं नाव काढलं की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, दळण बारीक काढून देतो. दुसरी सांगायच्या आधी कानाजवळ बोट गोल फिरवतात. पंचेचाळिशी ओलांडलेला, मिशीत पीठ बसून म्हातारा दिसणारा हा बाप्या पैलवानांचे पत्ते जमवतो. लहानपणी चिंगमच्या पाकिटात निघायचे ते.

शाळेत असताना सगळ्याच पोरांना तो नाद होता. विलायती पैलवान, मागच्या बाजूला वजन, उंची, छाती. पोरं पत्ते पणाला लावून खेळायची, कोपरे मुडपायची, चड्डीच्या खिशात भिजवायची. सहादेव कधी खेळायचाच नाही. हरण्यापेक्षा पत्ता मळेल याचीच त्याला जास्त धास्ती. पुढं पोरं मोठी झाली, चिंगम बंद पडलं, आणि हा तेवढा राहिला. पत्ते ठेवायला चांगला अल्बम हवा म्हणून त्यानं स्वतःच्या लग्नाचा अल्बम रिकामा केला. बायको दिपालीबरोबरचे ते लग्नातले फोटो आजही तांदळाच्या डब्यावर पिशवीत पडून आहेत, आणि हार-तुऱ्यांच्या नक्षीत लाल चड्ड्यांतले पैलवान उभे आहेत. दिपालीनं हे कसं सोसलं ते तिचं तिलाच ठाऊक.

पत्ते एकूण साठ. सहादेवकडं एकोणसाठ. एक्केचाळीस नंबर तेवढा नव्हता, आणि अल्बममधल्या त्या एका रिकाम्या खिशापायी माणसाचं अर्धं आयुष्य गेलं. नगरच्या भंगारवाल्यांकडं शोधून झालं, घोडेगावच्या बाजारात शोधून झालं. एकदा तर कुणाच्या दहाव्याला जाऊन यानं थोरल्या पोराला हळूच विचारलं, "आप्पांच्या जुन्या पेटीत लहानपणीचं काय निघालं का?" त्या पोराला वाटलं, सोन्याबद्दल विचारतोय. तेव्हापासून त्या घरचं दळण दुसऱ्या गिरणीत जातं.

अशातच पाथर्डीकडच्या सासुरवाडीला नवं घर झालं आणि वास्तुशांतीचं बोलावणं आलं. जुन्या घरात देव आतल्या अंधाऱ्या खोलीत होते आणि जावयाचं बूड काही ओसरीवरच्या सतरंजीवरून हलू देत नाहीत, त्यामुळं सहादेवनं सासूचे देव कधी पाहिलेच नव्हते. नव्या घरात देव्हारा हॉलमध्येच आला. सहादेव हात जोडून वाकला, आणि वाकला तो वाकलाच.

खंडोबा आणि देवीच्या मधोमध, चांदीच्या चौकटीत, कोपऱ्यातल्या छापील आकड्यासकट एक्केचाळीस नंबर बसला होता.

जटा, छातीपर्यंत दाढी, कानांत मोठाल्या रिंगा, गळ्यात साखळी, मागं धूर. मढीच्या नाथांच्या जत्रेला दरसाल जाणाऱ्या गोजरबाईंनी, म्हणजे त्याच्या सासूनं, त्यात नाथ पाहिला असेल तर त्यांचं काय चुकलं? रिंगा म्हणजे कुंडलं, धूर म्हणजे धुनी. खालच्या चड्डीवर तर वर्षानुवर्षं कुंकवाची बोटं ओढून त्यांनी तिची भगवी लंगोटी केली होती. मेहुणा वाल्मिक कोपऱ्यात घाम पुसत उभा होता. त्याच्याच दप्तरातून आईनं तो पत्ता उचलला होता आणि "आई, हा पैलवान हाय" असं म्हणायची त्याची आजवर छाती झाली नव्हती.

"जावई लई भाविक हायती," पाहुण्यांत कुणीतरी म्हणालं. सहादेव अजून वाकलेलाच होता.

चोरी करायचं धाडस त्याच्यात नव्हतं, पण डोकं होतं. दुसऱ्याच खेपेला तो नाथांची भली मोठी, काच लावलेली तसबीर घेऊन गेला आणि साळसूदपणे म्हणाला, "मामी, देव्हाऱ्यातला नाथांचा फोटो पार जीर्ण झालाय. असा देव घरात ठेवू न्हाई म्हनत्यात. द्या माझ्याकडं, प्रवरासंगमला विसर्जन करतो."

गोजरबाईंना ते लगेच पटलं. सहादेवला आनंदानं घाम फुटला.

"पन मी बी येते," त्या म्हणाल्या. "येवढी सेवा केलीया. माज्या हातानं सोडीन."

अमावास्येला त्या नव्या खणात पत्ता गुंडाळून नेवाशाला आल्या. सहादेव त्यांना संगमावर घेऊन गेला तो बळीच्या बकऱ्यासारखा. गोजरबाई घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसल्या, खण सोडला, पत्त्याला हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि हात पाण्याकडं नेला.

"मामी, थांबा!" सहादेव ओरडला तसे शेजारी पिंडदान करणारे भटजीसुद्धा मंत्र विसरले. "तो नाथ न्हाई! पैलवान हाय!"

मग त्यानं सगळं सांगितलं. चिंगम, साठ पत्ते, रिकामा खिसा, तसबिरीची लबाडी, सगळं. सांगताना त्याला रडू फुटलं, आणि आपण एका कागदाच्या तुकड्यासाठी सासूपुढं रडतोय याची लाज वाटून आणखीच फुटलं.

गोजरबाईंनी पत्ता डोळ्यांजवळ धरून निरखून पाहिला.

"पैलवान?"

"व्हय."

"मंग ह्यो नवसाला कसा पावला?"

"कशाच्या नवसाला?"

"दिपालीचं जमत नव्हतं. ह्याच्याम्होरं पदर पसरला. म्हनलं, पोरीला पैसेवाला नगं, पन निर्व्यसनी, हात न उगारनारा, घरात राहनारा नवरा दे. म्हैना झाला न्हाई तर तुमचं स्थळ आलं." त्यांनी जावयाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता सांगा, ह्यो देव न्हाई तर तुमी कोन?"

आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला कुणीतरी मागून घेतलंय हे सहादेवला कळलं, आणि तेही एक्केचाळीस नंबरकडून.

गोजरबाईंनी पदरानं पत्ता पुसला. "पैलवान हाय म्हनून पान्यात सोडायचा न्हाई. देव हाय म्हनून तुमाला द्यायचा न्हाई," असं म्हणून त्यांनी तो पुन्हा खणात बांधला आणि कमरेला खोचला.

पायऱ्या चढता चढता त्या मध्येच थांबल्या. "बाकीचे एकुनसाठ तुमच्याकडं हायत म्हनता?"

"हायत की."

"मंग ह्यालाच येकट्याला का ठेवलाय? आना की समदे माज्याकडं."

सहादेवनं त्यांच्या बोटांकडं पाहिलं. हळद, कुंकू, तेल, सगळं त्या बोटांना लागलेलं होतं.

"आनतो," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं एकेक पैलवान जपून बाहेर काढला. मग तांदळाच्या डब्यावरची पिशवी उतरवून दिपालीला हाक मारली, आणि दोघं अल्बममध्ये लग्नाचे फोटो लावत बसले.