फांदीचं मी सांगितलंच नाही

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहितोय.

सकाळी आमच्या पाटणकडच्या डोंगरावर सांगलीची एक पोरगी माउंटन बाइक घेऊन भेटली. म्हणाली, "आजोबा, ही पायवाट सायकलवरून उतरता येते का? खाली कोयनेपर्यंत जायचंय."

माझी छाती फुगली. "व्हय की! सत्तर-बाहत्तर साली आमी साध्या सायकलीवरनं रोज उतरायचो, मागं दुधाच्या किटल्या बांधून. तुज्या सायकलला तर लय भारी ब्रेक हायत. जा बिनघोर."

ती गेली. दुसऱ्याच वळणावर सायकल तिला आवरली नाही. खांद्याचं हाड मोडलं. मीच माणसं जमवून तिला दवाखान्यात नेलं.

खरं सांगतो. आम्ही उतरायचो तेव्हा कॅरिअरला झाडाची मोठी फांदी बांधायचो. ती मागं जमिनीला घासत यायची, म्हणून सायकल ताब्यात राहायची. फांदी नसली तर मुकाट चालत उतरायचो. बढाई मारताना मी नेमकं तेवढंच गाळलं.

दवाखान्यात तिच्या वडिलांनी वाकून माझे पाय धरले. "काका, तुमी हुता म्हणून पोरगी वाचली."

मी पाय मागे घेतले नाहीत.

उद्या तिला बघायला जायचंय. काय तोंडानं सांगू?