भट्टीसाठी थांबलेली चक्की

जळगाव जामोदच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायचे तेव्हाची गोष्ट. काही पदार्थ भयंकर गार केले की त्यांतून वीज विनाअडथळा वाहते, आणि चुंबक त्यांच्यावर अधांतरी राहतो. तसा पदार्थ काचेतून करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. बिस्मथ, तांबं वगैरेंच्या भुकट्या वितळवायच्या, तांब्याच्या दोन पत्र्यांत पटकन दाबायच्या. काळी चकचकीत काच होते. मग ती रात्रंदिवस विजेच्या भट्टीत, एकसारख्या आचेवर.

एकसारखी आच! आणि लॅबच्या भिंतीला लागून पिठाची चक्की! ती सुरू झाली की व्होल्टेज पडायचं, थांबली की उसळी मारायचं, अन् माझा तुकडा वितळून बसायचा. माझ्या पीएच.डी.च्या गाइड सरांनी निक्षून सांगितलं होतं, "येईन तेव्हा चुंबक तरंगताना दाखवा, नाहीतर विषय बदला." मी तणतणत चक्कीवाल्या चाचांकडे गेले.

"म्याडम, चक्की बंद केली तं लोकायनं खावं काय?"

बरोबरच होतं. मला संतापानं रडूच फुटलं. चाचा गडबडले. "रडू नको बेटी. पाहातो मी."

दुसऱ्या दिवशी चक्कीला कुलूप. दळण घेऊन येणाऱ्या बायांना चाचा सांगत होते, "म्याडमची भट्टी पेटली हाय. परवा या." बायांनी त्यांना फैलावर घेतलं, "काच भाजून पोट भरते काय वो?" पण घरी जाऊन त्यांनी अडगळीतली जाती काढली. पहाटे गल्लीभर घरघर चालली होती आणि माझ्या भट्टीचा काटा जागचा हलत नव्हता. देव त्या बायांचं भलं करो! माझ्यासाठी एवढं माहेरच्यांनीही केलं नव्हतं.

गार करायला द्रव नायट्रोजन लागतो. वळूचं वीर्य गोठवून ठेवायला तो गुरांच्या दवाखान्यात असतो. तिथल्या डॉक्टरांनी थर्मास भरून दिला. "पुन्हा मागू नका बरं." दोनदा पुरला असता. एकदा मला, एकदा उद्या येणाऱ्या सरांना.

मी त्यातला अर्धा भट्टीतून निघालेल्या तुकड्यावर ओतला. वाफ विरली आणि त्यावर ठेवलेला चुंबकाचा इवला तुकडा अलगद वर उचलला गेला. मी किंचाळलेच! चाचा धावत आले, त्यांच्यामागून बाया. पण त्या पोचेपर्यंत नायट्रोजन उडून गेला, चुंबक खाली बसला.

"आमी दळून दळून हात फोडून घेतले," एकीनं फोड आलेले तळवे माझ्यापुढं धरले, "अन् आमालेच दिसलं नाई?"

थर्मासात फक्त सरांचा वाटा उरला होता.

"सरका जरा पुढं," मी म्हटलं, आणि तो ओतला.