शेजारणीच्या तोंडची बातमी

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट सांगते. आमची चाळ अंधेरीला. आईवडील गेलेले, त्यामुळे धाकट्या बहिणीचं लग्न माझ्याच गळ्यात. चाळीत माझ्या पाच मैत्रिणी, अगदी जिवाभावाच्या. दोघींच्या कानावर घातलं, "अगं, स्थळ बघा ना कुठे." संध्याकाळी पाचवी धापा टाकत माझ्याचकडे, "ऐकलंस का? कुणी तरी बहिणीसाठी स्थळ शोधतंय!"

"अगं बाई, ती मीच!"

आणि शेजारीण? तिला एक मैत्रीण नाही. पण दारात उभी राहून कोळणीशी दोन शब्द, गिरणीवाल्याशी दोन, इस्पितळातल्या नर्सशी दोन. गणपतीत नणंदेच्या लग्नाचं बोलली, दिवाळीच्या आत कांदिवलीचं स्थळ पक्कं! माझा नुसता जळफळाट.

एकदा तांदूळ निवडता निवडता सुपातच मांडून पाहिलं. माझ्या मैत्रिणींचे पाच दाणे एका ढिगात. कुठूनही बोट फिरवा, परत तिथंच. तिचे तीनच दाणे, पण लांब लांब, आणि प्रत्येकाभोवती त्याचा वेगळा ढीग. तिचं तिनाचं नऊ, नवाचं सत्तावीस. माझं पाचाचं पाचच. माया माझ्याकडे जास्त आणि बातमी तिची लांब जाते, हा कुठला न्याय हो?

मग मीही कोळणीला चहाला बसवायला गेले. ती म्हणाली, "नको गो बाय, पाटी उतरवली का येळ जातो. बाजूची कशी, उभ्या उभ्या दोन शबूद बोलून सोरते."

शेवटी बहिणीकडे बघून गेले शेजारणीच्या दारात. "वहिनी, हिच्यासाठी जरा..."

"आता सांगतेस होय? मला वाटलं, तुझ्या पाचजणी बघतायत!" आणि हसली.

महिनाभरात कोळणीच्या जोगेश्वरीच्या गिऱ्हाइकाकडून मुलगा आला. सालस, नोकरीचा. लग्न ठरलं, लागलं. शेजारीण नवी साडी नेसून पहिल्या रांगेत. बहीण आधी तिच्या पाया पडली, मग माझ्या. मी पेढ्यांचं ताट घेऊन फिरत होते, तर मुलाकडच्या एका मावशींनी विचारलं, "त्या पुढे बसल्यात, त्या मुलीच्या कोण? आईसारखं सगळं बघतायत हो."

"शेजारीण," म्हटलं, आणि ताट घेऊन दुसऱ्या रांगेपासून पेढे वाटायला लागले.