गारांनी उघडलेली पेटी

छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, तिच्यामागं बाबांच्या कचेरीतल्या फायली हलल्या आणि फायलींमागं आम्ही. आईला हे मुळीच पटलं नव्हतं. माहेरच्या पितळी भांड्यांची पेटी तिनं उघडलीच नाही. सुंभानं करकचून बांधलेली ती पेटी खोलीच्या मधोमध, येता-जाता आमच्या पायांत.

"उन्हाळ्यात पोरींना घेऊन नागपूरला जाते, ती पुन्हा येत नाही. तुम्ही बसा इथं फायली कवटाळून!" आई असं रोज सुनवायची आणि बाबा बिचारे चहा पीत राहायचे. त्यांना एकट्याला टाकून जायचं, या विचारानं मला रडूच यायचं.

आमचं घर कवेलूंच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचं. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे रजया शिवून पोट भरणाऱ्या एक मुसलमान बाई राहायच्या; सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत. चार महिन्यांत आईचं त्यांच्याशी नमस्कारापलीकडे काही गेलं नव्हतं.

फाल्गुनातल्या एका दुपारी आभाळ काळंठिक्कर झालं आणि लिंबाएवढ्या गारा कोसळायला लागल्या. कवेलू फटाफट फुटले. घरात जिकडेतिकडे धारा! आणि आमच्याकडे पातेली किती, तर दोन.

"अगं बाई, काय मेलं हे गाव!" असं म्हणत आईनं विळी घेतली आणि पेटीचा सुंभ कापला. घंगाळ, परात, तपेल्या, गडू, सगळं बाहेर. प्रत्येक भांड्याचा आवाज निराळा. धाकटी तर त्या तालावर नाचायलाच लागली आणि आई हसली. भोपाळात आल्यावर पहिल्यांदा.

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली, "अरी बहन, मेरी रजाइयाँ!" कुणाच्या तरी लग्नाच्या रजया भिजत होत्या. आमची आई सोवळ्याची. ती क्षणभर थबकली. मग डोक्यावर परात धरली, काखेत घंगाळ मारलं आणि नऊवारीचा काचा खोचून भिंत ओलांडून गेली! परातीवर गारा ताडताड वाजत होत्या. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

रजया वाचल्या. दुसऱ्या दिवशी घंगाळ परत आलं, ते तुतींनी भरून, वर खालांची टोपली झाकून. आईचं सोवळं खालांनी बरोबर ओळखलं होतं; शिजवलेलं काही नाही, नुसती फळं. "खाली बरतन कैसे लौटाती?" त्या म्हणाल्या.

रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हा आमच्या आईचाही कडक नेम. आईला अगदी तोडीस तोड माणूस भेटलं! टोपली खालांची, म्हणून तिच्यातून पुरणपोळ्या गेल्या, सोबत तपेलीतून कटाची आमटी. तपेली आमची, म्हणून तिच्यातून कैऱ्या आल्या. हे काही थांबेचना. उन्हाळा आला तरी आमची सगळी भांडी एका वेळी घरात म्हणून नसायची.

जायच्या आदल्या दिवशी मात्र सगळी होती. आईनं पेटी भरली, कापलेल्या सुंभाला गाठी मारून ठेवल्या. मी कोपऱ्यात मुसमुसत होते. दिवेलागणीला बघते तर काय, आईनं पेटीतली एक तपेली काढली, तिच्यात शेवया भरल्या आणि भिंतीवरून खालांच्या हातात दिली.

सकाळी टांगा दारात आला. आई भांडी मोजायला बसली.

"अहो, एक तपेली कमी आहे! माहेरची तपेली टाकून मी नाही जायची."

"खालांकडे असेल. आणतो मागून," बाबा म्हणाले.

"काही नको मागायला! त्या भरल्याशिवाय द्यायच्या नाहीत. घाई केली तर काय म्हणतील मला? टांगा परत पाठवा."

बाबांनी टांगा परत पाठवला, आणि आईचं मन फिरायच्या आत तो गाठी मारलेला सुंभ अंगणात कपडे वाळत घालायला बांधून टाकला.

मी जन्माची चोंबडी. पण तपेलीबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही.